सरकारी कचेरीतला सत्यनारायण

26 जानेवारीला सकाळी झेंडावंदन होते, संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचली जाते आणि तासाभरात त्याच इमारतीत सत्यनारायणाची पूजा मांडली जाते. महाराष्ट्रात हे इतक्या ठिकाणी होते की कुणाला त्यात काही वेगळे वाटत नाही. तहसील कचेरी, पोलीस ठाणे, जिल्हा परिषदेची शाळा, एसटीचे आगार. चौरंगाला केळीचे खांब बांधलेले असतात, साहेब सपत्नीक पूजेला बसतात, गुरुजी पोथी वाचतात, शिऱ्याचा प्रसाद वाटला जातो. आठवडाभर आधी कुणीतरी पट्टी गोळा करत टेबलाटेबलावरून फिरलेले असते. या पूजेचा शासन निर्णय नसतो, परिपत्रक नसते, खर्चाला लेखाशीर्ष नसते. तरीही ती ‘आपल्या ऑफिसची पूजा’ असते आणि पट्टी न देणाऱ्याचे नाव सगळ्यांच्या लक्षात राहते.

ही पूजा बंद व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारी इमारतीत, सरकारी वेळेत, कार्यालयाच्या नावाने कुठल्याही धर्माची पूजाअर्चा होऊ नये. मी देव मानत नाही, त्यामुळे हे म्हणणे नास्तिकाचा हट्ट म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण या मागणीचा उगम नास्तिकतेत नाही. सरकारने पूजेला बसू नये, असे या देशात वेळोवेळी ठामपणे सांगितले ते बहुतांशी देव मानणाऱ्यांनीच. ते का सांगितले, हे विसरल्यामुळे आज हा वाद ‘श्रद्धाळू विरुद्ध नास्तिक’ असा चुकीच्या जागी जाऊन अडकला आहे.

आधी त्या कचेरीत कोण कोण बसते ते पाहू. 2011 च्या जनगणनेत देशभरात सुमारे 33 हजार माणसांनी आपली नोंद नास्तिक म्हणून केली. त्यातले साडेनऊ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. पण अकरा कोटींच्या राज्यात हा आकडा नगण्यच. एवढ्या थोड्या लोकांसाठी रूढ झालेली गोष्ट का बदलायची, असे कुणीही विचारेल. मात्र त्याच जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या 65 लाखांच्या वर आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची आहे. सत्यनारायण हे विष्णूचेच रूप. म्हणजे पट्टीची वही घेऊन जेव्हा कुणी एखाद्या बौद्ध लिपिकाच्या टेबलाशी उभा राहतो, तेव्हा तो त्याच्याकडे घराण्याने दोन-तीन पिढ्या पाळलेली प्रतिज्ञा मोडण्याची मागणी करत असतो. मागणाऱ्याच्या मनात तसे काही नसेल. तो सहज, आपुलकीने मागत असेल. देणाऱ्याच्या बाजूने मात्र ती मागणी तशीच पोचते. मुसलमान शिपाई, ख्रिस्ती परिचारिका, लिंगायत तलाठी, कबीरपंथी वाहनचालक, सत्यशोधकी घरातली शिक्षिका, प्रत्येकाची अडचण निराळी असू शकते. एखाद्या कट्टर वारकऱ्यालाही नवससायासाची पूजा रुचत नाही. ‘नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती’ असे विचारणारे तुकोबा काही नास्तिक नव्हते.

हात जोडले तर काय बिघडते, हा प्रश्न अशा वेळी हमखास येतो. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही नीट द्यायला हवे. नाशिकच्या एका शाळेतला शिक्षक सकाळच्या प्रार्थनेला उभा राहत असे, पण हात जोडत नसे. एवढ्यावरून त्याला बेशिस्त ठरवण्यात आले आणि वरिष्ठ वेतनश्रेणी नाकारली गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 2013 मध्ये न्यायालयाने सांगितले की शिक्षकाला प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करता येणार नाही. काय बिघडते याचे उत्तर या प्रकरणातच आहे. हात जोडणे खरेच इतके किरकोळ असते, तर न जोडण्याबद्दल माणसाचा पगार अडवला गेला नसता. संस्थेला ते जोडलेले हात हवे होते, कारण त्यात मान तुकवणे होते.

आणि कचेरी म्हणजे काही वाडा किंवा गल्ली नव्हे. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी नाकारली तर फार तर शेजारी तोंड फिरवील. कचेरीत पूजेला बसलेला माणूस तुमचा गोपनीय अहवाल लिहिणारा असतो, बदली आणि रजा त्याच्या सहीवर असतात. पूजेला गैरहजर राहणाऱ्याला तो काही बोलणार नाही, बहुतेक साहेब बोलत नाहीतच. पण हाताखालच्याने तो धोका का पत्करावा? शिवाय या विशिष्ट पूजेच्या कथेत प्रसाद न घेता गेलेल्या कलावतीचा नवरा नौकेसकट दिसेनासा होतो. सगळ्यांसमोर ही कथा वाचली जात असताना जो प्रसाद घेत नाही, त्याच्याकडे सहकारी कसे पाहतात, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. पुढे कचेरीत काही विपरीत घडले, कुणी आजारी पडले, एखादी चौकशी लागली, की त्या न घेतलेल्या प्रसादाची आठवण काढणारे निघतातच.

काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या नागरिकाचाही विचार करायला हवा. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला आलेल्या माणसाला तिथे कुणाचा धर्म चालतो हे भिंतीवर वाचायला मिळू नये. विशेषतः तक्रारच धर्माच्या भांडणाची असेल, तेव्हा तर मुळीच नाही.

आता थोडे मागे जाऊ. 17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामत यांनी दुरुस्ती सुचवली की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. सभागृहात नास्तिक किती होते? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. अध्यक्षस्थानी स्वतः राजेंद्रप्रसाद होते, ज्यांच्या श्रद्धेबद्दल कुणाला शंका नव्हती. तरीही विरोध झाला आणि तो कुठून झाला हे बघण्यासारखे आहे. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै यांनी आपण श्रद्धावान असल्याचे सांगूनच विरोध केला. देव मानायचा की नाही याचे स्वातंत्र्य हेच संविधान देते आहे, मग त्याच्याच आरंभी देवाचे नाव घालणे ही श्रद्धेची सक्ती ठरेल, असा त्यांचा मुद्दा होता. हृदयनाथ कुंझरू यांनीही सामूहिक मताच्या जोरावर अशा बाबतीत कुणावर काही लादू नये असे सांगितले. देवाच्या नावावर मतदान घ्यायची वेळ आणू नका, अशी विनंती पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. कामत ऐकेनात. शेवटी मतदान झाले. बाजूने 41, विरुद्ध 68. कामतांनी तो आपल्या इतिहासातला काळा दिवस असल्याचे म्हटले.

त्या 68 जणांतले बहुसंख्य घरी जाऊन संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारे असावेत. त्यांना कळत होते की आपण ‘आम्ही, भारताचे लोक’ असे लिहितो तेव्हा त्या ‘आम्ही’त कुणी बाहेर उभा राहता कामा नये. फाळणीच्या जखमा ताज्या असताना, शेजारच्या देशाने त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या उद्दिष्टांच्या ठरावात ईश्वराचे सार्वभौमत्व लिहिले असताना, त्यांनी हे मत दिले. मला त्या मतदानाबद्दल अतोनात आदर वाटतो. माझ्यासारख्याला या देशात बरोबरीची जागा दिली ती माझ्याशी असहमत असलेल्या माणसांनी.

पुढे संविधानात जे आले ते याच धाग्याने विणलेले आहे. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्मस्वातंत्र्याच्या आधी सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य येते. सत्ताविसावा अनुच्छेद सांगतो की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कुणाकडून कर घेता येणार नाही. अठ्ठाविसावा सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नको आणि अनुदानित शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येणार नाही. लोकप्रतिनिधीला शपथ घेताना ईश्वराला साक्षी ठेवायचे की नुसतीच गांभीर्याने प्रतिज्ञा करायची, हे तो स्वतः ठरवतो.

या स्वातंत्र्याचा आधार वेळोवेळी घेतला तो कुणी, हेही पाहा. 1986 चे प्रसिद्ध प्रकरण केरळातल्या तीन मुलांचे आहे. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची ती मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्माज्ञेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकले, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावले. आणि महाराष्ट्रातले महत्त्वाचे प्रकरण 2014 चे. काही माणसांनी राजपत्रात अर्ज दिला की आमची नोंद ख्रिस्ती अशी आहे, ती बदलून ‘कोणताही धर्म नाही’ अशी करावी. शासकीय मुद्रणालयाने नकार दिला. हे अर्जदार नास्तिक नव्हते. येशू ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा होती, पण आपण कुठल्या संघटित धर्माचे आहोत असे त्यांना वाटत नव्हते. 23 सप्टेंबर 2014 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती चांदूरकर यांच्या खंडपीठाने निकाल दिला: कुठलाही धर्म न मानण्याचा आणि तसे जाहीर करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, धर्म सांगण्याची सक्ती शासन कुणावर करू शकत नाही. मराठी वृत्तपत्रांत या निकालाची बातमी आली आणि गेली. आजही कित्येक सरकारी अर्जांत धर्माचा रकाना भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

सगळी न्यायालये याच वाटेने गेली असे मात्र नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या आवारात नव्या इमारतीसाठी भूमिपूजन झाले तेव्हा एका नागरिकाने त्याला आव्हान दिले. 2011 मध्ये ती याचिका फेटाळली गेली, वर याचिकाकर्त्यालाच 20 हजार रुपये भरायला लावले. भूमिपूजन सर्वांच्या भल्यासाठी असते, धरणीची क्षमा मागण्यासाठी असते, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. मला तो पटत नाही. भले कुणाचे आणि कोणत्या विधीने, हे ठरवण्याचा अधिकार ज्याला आहे त्याच्याच दृष्टीने तो विधी ‘सर्वांचा’ असतो. याउलट मार्च 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाला आलेले न्यायमूर्ती ओक, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात होते, व्यासपीठावरूनच म्हणाले की न्यायालयाच्या कार्यक्रमांतली पूजाअर्चा आता थांबवायला हवी, त्याऐवजी संविधानाच्या उद्देशिकेपुढे नतमस्तक व्हावे. नारळ फुटायच्या कार्यक्रमात जाऊन हे बोलायला धैर्य लागते.

ही आपली संस्कृती आहे, यात धर्म कुठे आला, असा आक्षेप बहुतेक वेळा सर्वांत आधी येतो. त्यात काही तथ्य आहे आणि म्हणून थोडा तारतम्याने विचार करावा लागतो. खंडेनवमीला एसटीच्या कार्यशाळेतला मेकॅनिक आपल्या पान्यांना हळदकुंकू वाहतो, लेथला झेंडूचा हार घालतो. वर्षभर ज्याच्यावर पोट चालते त्या हत्याराशी असलेले ते त्याचे नाते आहे. त्याला कुणी अडवू नये. टेबलाच्या काचेखाली कुणी अंबाबाईचा फोटो ठेवतो, कुणी मक्केचा, कुणी बाबासाहेबांचा, ती त्या त्या माणसाची खासगी जागा आहे. माझी हरकत सुरू होते ती कार्यालयाचा प्रमुख ‘कार्यालयातर्फे’ यजमान म्हणून बसतो तिथे. संकल्पात यजमानाचे नाव आणि गोत्र येते. तहसील कचेरीला गोत्र कोणते?

आणि संस्कृती म्हणायचे तर मराठी संस्कृतीत हा विरोधही मुरलेला आहे. 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटजीशिवाय लग्ने लागू लागली. फुले निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानत होते, देव आणि भक्त यांच्यामध्ये दलाल त्यांना नको होता. 1888 मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांची पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी आगरकर बुद्धीला पटेल तेच लिहीत राहिले. 1927 पासून 1953 पर्यंत र. धों. कर्व्यांनी लैंगिक शिक्षण आणि संततिनियमनाचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक जवळपास एकट्याच्या बळावर चालवले. सावरकर आणि मुस्लिम सुधारक हमीद दलवाई यांच्या राजकारणात दोन टोकांचे अंतर आहे, पण आपल्यामागे धार्मिक क्रियाकर्म नको ही इच्छा दोघांचीही होती, दोघांचाही अंत्यविधी विद्युतदाहिनीत झाला. ही सगळी माणसे मराठी संस्कृतीबाहेरची होती असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप, फक्त हिंदूंनाच का सांगता? नुसते हिंदूंनाच सांगत असू तर आक्षेप बरोबर आहे. मोजपट्टी एकच हवी. सरकारी अतिथिगृहात सरकारी खर्चाने इफ्तार होत असेल तर तोही नको. हज यात्रेचे अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले आणि 2018 मध्ये ते बंद झाले, ते योग्यच झाले. त्याच न्यायाने कुठल्याही धर्माच्या यात्रेला सरकारी तिजोरीतून तिकिटे काढून देणे चूक आहे. मुस्लिम समाजातून हा प्रश्न विचारण्याचे काम दलवाईंनी केले. 1966 मध्ये मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी नेला, 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. समाजातून त्यांना जो त्रास झाला तो सोसून, अवघ्या 44 वर्षांच्या आयुष्यात. ‘त्यांना का सांगत नाही’ असे विचारणाऱ्यांनी दलवाईंना हयातीत किती साथ दिली, हेही आठवावे.

सर्वांत अवघड प्रश्न पंढरपूरचा आहे. आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात. पक्ष कुठलाही असो, ही प्रथा सुटलेली नाही. माझे म्हणणे असे की मुख्यमंत्र्यांनी पंढरीला जरूर जावे, पण वारकरी म्हणून. बरीच वर्षे या पूजेसाठी अठरा-वीस तास रांगेत उभ्या असलेल्या माणसांना ताटकळावे लागत आले आहे, विठ्ठलाच्या दारात हे शोभत नाही. शासनाचे वारीशी नाते आहेच आणि ते मोठे आहे. लाखो माणसे पायी चालतात तेव्हा पाणी, शौचालये, रुग्णवाहिका, चंद्रभागेच्या वाळवंटातली स्वच्छता, रस्त्यावरची सुरक्षा, हे सगळे शासनाचे काम. तिथे खर्च होणाऱ्या एका रुपयालाही माझ्यासारख्याने हरकत घेऊ नये, कारण तो नागरिकांवरचा खर्च आहे.

देवळाच्या कारभारात शासन का शिरले, तर त्यालाही इतिहास आहे. साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले, तेव्हा दलितांसाठी विठ्ठलाचे दार उघडले. पुढे बडवे या विठ्ठलाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या कारभाराबद्दल भाविकांच्याच तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग नेमला गेला, 1973 मध्ये कायदा झाला आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे आणि रुक्मिणीचे पुजारी उत्पात यांचा दावा कायमचा निकाली काढला. भाविकांची लूट थांबवणे, दार सर्वांना उघडे ठेवणे, हिशेब तपासणे, हे शासन करू शकते, संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात त्याला वाट आहे. पण देवस्थानांची विश्वस्तपदे सत्ताधारी पक्षांनी आपसांत वाटून घ्यावीत याला कुठला आधार? शिर्डीचे विश्वस्त मंडळ 2022 मध्ये औरंगाबाद खंडपीठाला बरखास्त करावे लागले. इथे भाविकांची तक्रार रास्त आहे आणि नास्तिकाने त्यांच्या बाजूने बोलले पाहिजे. सरकारला देवळापासून दूर ठेवायचे तर ते गाभाऱ्यातून आणि दानपेटीतून दोन्हीकडून दूर ठेवावे लागेल.

असे दोन्हीकडचे भान ठेवून काम करणारा माणूस आपल्याकडे होता. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डीपटू. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. देव मानणाऱ्याशी त्यांचे भांडण नव्हते, देवाच्या नावाने लुबाडणाऱ्याशी होते. 2000 साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्या म्हणून एन. डी. पाटील आणि डॉ. श्रीराम लागू यांच्यासह त्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा नास्तिकांना देवळाशी काय करायचे आहे असे हिणवले गेले. करायचे होते ते एवढेच, की जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईही जाऊ शकली पाहिजे, मग ती जागा तुम्ही मानत असा वा नसा. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाला तेच बजावले आणि त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला चौथरा बायकांसाठी खुला झाला. तो दिवस पाहायला दाभोलकर नव्हते.

जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते जवळजवळ दोन दशके झगडले. हा कायदा झाला तर वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, घरात उदबत्ती लावली तर पोलीस येतील, असा प्रचार वर्षानुवर्षे चालला. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. वाचून पाहा तो. अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण आणि चटके, गुप्तधनासाठी नरबळी, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे, करणीचा आळ घेऊन कुणाला छळणे, दैवी शक्तीचा दावा करून लैंगिक शोषण, असे प्रकार आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, हरिकथा यांना हा कायदा लागू नाही असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. बारा वर्षे होऊन गेली, वारी दरवर्षी निघते आहे. ज्यांनी भीती घातली त्यांच्यापैकी कुणी येऊन चुकलो म्हटल्याचे मला आठवत नाही.

दाभोलकरांनंतर फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापूरला गोविंद पानसरे, ऑगस्टमध्ये धारवाडला एम. एम. कलबुर्गी, सप्टेंबर 2017 मध्ये बंगळुरूला गौरी लंकेश यांनाही गोळ्या घातल्या गेल्या. दाभोलकर खटल्याचा निकाल 10 मे 2024 रोजी लागला, दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. गोळ्या झाडणारे सापडले, कट रचणारे कोण हे सिद्ध झाले नाही. माणूस प्रश्न विचारतो म्हणून मारला जातो आणि अकरा वर्षांनी अर्धेच उत्तर मिळते, तेव्हा तहसील कचेरीतला लिपिक पट्टीच्या वहीत निमूटपणे शंभर रुपये लिहून मोकळा होतो, यात नवल ते काय.

आता कायद्याची एक बाजू, जिच्याकडे पुरोगाम्यांचेही पुरेसे लक्ष नाही. 2014 च्या निकालाने धर्म न सांगण्याचा अधिकार दिला, पण पुढचे कायदे तसेच राहिले. हिंदू घरात जन्मलेला नास्तिक विवाह आणि वारशासाठी कायद्याच्या लेखी हिंदूच असतो. मुस्लिम घरातल्या नास्तिकाला वारशात मुस्लिम व्यक्तिगत कायदाच लागतो. केरळातल्या एका महिलेने याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आहे आणि 2024 मध्ये न्यायालयाने त्याची दखल घेतली. घरात भाऊ असेल तर वडिलांच्या मालमत्तेत तिला त्याच्या निम्मा वाटा मिळतो, आणि तिने धर्म सोडला म्हणून हा हिशेब आपोआप बदलत नाही.

सर्वांत मोठी किंमत पडते ती दलित नास्तिकाला. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की हिंदू, शीख किंवा बौद्ध धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. मग जो म्हणतो की मी कुठलाच धर्म मानत नाही, त्याचे काय? जात पडताळणी समितीपुढे आपण काय सांगावे, शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहावे, हा त्याच्यासमोरचा खरा पेच असतो. सवर्ण घरातला माझ्यासारखा माणूस ‘धर्म नाही’ असे लिहून मोकळा होऊ शकतो, त्याचे काही जात नाही. दलित विद्यार्थ्याची फी, वसतिगृह, नोकरीची संधी पणाला लागते. जातीचा जाच तर धर्म सोडल्याने संपत नाही, गावकुसाबाहेरचे घर तिथेच राहते. म्हणून जनगणनेत सर्वांनी बेधडक ‘निधर्मी’ लिहा, असे आवाहन मी करणार नाही. ज्याला परवडते त्याने जरूर लिहावे. 2027 च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार आहे, तिथे धर्म आणि जात हे दोन रकाने एकमेकांना बांधलेले नसावेत, ‘धर्म नाही’ म्हणणाऱ्याची जात तरीही नोंदली जावी, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी.

आणि त्या तिसऱ्या परिच्छेदाचे काय करायचे, हेही संसदेला ठरवावे लागेल. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमानांची मागणी वर्षानुवर्षे सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, कुठलाच धर्म न मानणारा दलित तर अजून कुणाच्या यादीतही नाही. परिच्छेद बदलता येत नाही असे नाही. मूळ आदेशात पंजाबकडच्या काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते. 1956 मध्ये तो बदलून सर्व शीख घातले गेले, 1990 मध्ये बौद्ध.